सत्तेचाळीस मिलिमीटरच्या आत

...नाही पण पाच मिलिमीटर म्हणजे असतं किती, तुम्हीच सांगा. तांदळाचा एक दाणा आडवा ठेवा, झाले पाच मिलिमीटर. तेवढ्यासाठी कोणी डोंबिवलीहून ठाण्याला सहा खेपा घालतं का? आमच्या बाळ सबनिसांनी घातल्या. आणि नावावर जाऊ नका, बाळ म्हणजे एकसष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, खिशाला दोन पेनं आणि एक छोटी स्टीलची पट्टी, कारण चौतीस वर्षं माजिवड्याला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होते, नकाशे काढायचे. ते घोडबंदर रोडला दोन्ही बाजूंना टॉवर उभे आहेत ना, त्यातल्या कितीतरी घरांत संडासाचं दार कुठल्या बाजूला उघडावं हे या माणसाने ठरवलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणायचा, "साहेब, पाच एमएम इकडेतिकडे होणारच," तर हे चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "होणारच म्हणजे? भिंत काय चालत गेली?" अशा माणसाला, तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटरच्या एका पंख्याने रडवलं. तेही पाच मिलिमीटरने.

त्यांची बायको उत्तरा. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी त्यांच्या खाली. उत्तराताई शाळेत शिकवायच्या, आणि शाळेतून बाहेर पडल्यापासून त्यांनी एक काम धरलेलं... डोळ्यांनी दिसत नाही अशा कॉलेजच्या मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. कल्याणला एक संस्था आहे, तिथली दर्शना पुस्तक पाठवते, या वाचतात, मुलं ऐकून परीक्षा देतात. आवाज गोडबिड म्हणाल तर नाही, गोड आवाजाचा तासाभरात कंटाळा येतो. स्वच्छ आवाज. शब्द संपला की संपायचा, पुढच्याच्या अंगावर पडायचा नाही. मी खाली गॅलरीत पेपर घेऊन बसायचो आणि वरून अर्थशास्त्र ऐकायचो. अर्थशास्त्र, बरं का. मला कळायचं.

तर जानेवारीत एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. आधी दर्शनाचा फोन. "मॅडम, राग मानू नका, पण मुलं विचारतायत, मागे दळण कोण दळतंय?" चौदा प्रकरणांचं पुस्तक, सात वाचून झालेली आणि सातांच्याही मागे घर्रर्र... त्यांचा तो अकरा वर्षांचा जुना कॉम्प्युटर, त्याच्या पोटातला पंखा. आणि दुसरी गोष्ट, उत्तराताईंच्या गळ्याला गाठ निघाली. थायरॉइडची. ठाण्याच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, काढायला लागेल. "तिथूनच आवाजाची शीर जाते. आम्ही जपतोच. पण नंतर हाच आवाज राहील, असं मी लिहून देऊ शकत नाही." तारीख दिली चोवीस दिवसांनंतरची.

रिक्षात बसल्यावर उत्तराताई गाठीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "सात प्रकरणं, चोवीस दिवस. होतील."

आणि बाळ सबनीस? शीर त्यांच्या हातात नाही, गाठ त्यांच्या हातात नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. मग माणूस जे हातात असेल ते धरतो. म्हणाले, "मी तुला अजिबात आवाज न करणारा कॉम्प्युटर बांधून देतो."

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलवर रेकॉर्ड करा, संपलं. उत्तराताईसुद्धा तेच म्हणाल्या. तर हे म्हणाले, "मोबाइलचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो." बरं, मग कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत ठेवा? "माइकची वायर लांब केली की ती घरघर पकडते." "हो का," उत्तराताई म्हणाल्या. लग्नाला छत्तीस वर्षं झालेली. त्या "हो का"चा अर्थ बाळ सबनिसांना कळायला हवा होता, नाही का? नाही कळला.

फोन लावला जावयाला. ऋतुराज, घोडबंदर रोडला सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो, आयटीत आहे, म्हणजे फोनवर बोलताना दुसऱ्या कानाने मीटिंग ऐकत असतो. "बाबा, सोप्पं आहे. मी स्वतः बांधला ना गेल्या वर्षी. जागा कमी आहे तर कॉम्पॅक्ट कॅबिनेट घ्या. फक्त कूलर बघून घ्या."

"कूलर? बेडरूममध्ये? पाणी कोण भरणार?"

"तो कूलर नाही हो बाबा. प्रोसेसरचा. म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू समजा. तो तापतो. त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्या बसवायच्या आणि वर पंखा."

"पंखा आला म्हणजे आवाज आला."

"मोठा पंखा घेतला तर तो हळू फिरतो, आवाज करत नाही. छोटा पंखा जोरात फिरतो, बोंबलतो. एक मिनिट हं बाबा... येस, येस, आय ॲम हिअर..."

झालं. त्या एका मिनिटात ऋतुराज जो गेला तो गेला. आणि गोम तिथेच होती, तुम्हाला सांगतो. आवाज नको तर पंखा मोठा पाहिजे, आणि जागा नाही म्हणून डबा छोटा पाहिजे. मोठा पंखा छोट्या डब्यात. हे नकाशावर आलं असतं तर बाळ सबनिसांनी दोन मिनिटांत लाल पेनाने रेघ मारून परत पाठवलं असतं. पण इथे बायकोच्या गळ्याला गाठ होती. डोकं जागेवर कोणाचं असतं?

त्यांनी काय केलं, तर बेडरूममध्ये कपाट आणि भिंत यांच्यातली जागा मोजली, अकरा इंच, आणि ठाण्याला जाऊन बरोब्बर तिथे बसेल असा कॅबिनेट घेऊन आले. देखणा, काळा, बुटांच्या खोक्याएवढा. एका मार्केटच्या तळघरात दुकान, मालकाचं नाव पोपटशेठ, मागे पाटी: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. घरी येऊन लगेच जुना कॉम्प्युटर उघडला, त्यातली डिस्क काढली, स्क्रू काढले, सगळं वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं... आणि मग, सगळं मोडून झाल्यावर मग, नव्या कॅबिनेटबरोबरचा कागद वाचला. बारीक अक्षरात: कूलरची उंची जास्तीत जास्त सत्तेचाळीस मिलिमीटर.

उत्तराताई पुस्तक घेऊन दारात उभ्या. "वाचायला बसू का?"

"दोन दिवस थांब गं."

पहिला कूलर दुसऱ्या खेपेला आणलेल्या नव्या प्रोसेसरबरोबर फुकट आलेला. उंचीला बसला. चालू केल्यावर पाच मिनिटं बरी गेली, नंतर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जशी सुं सुं चालू होते तशी झाली, पण शिट्टी होईच ना. नुसती वाट बघायची. उत्तराताई म्हणाल्या, "आधीचं दळण बरं होतं." परत ठाणे.

पोपटशेठ कच्छी, पण मराठी बोलतात, त्यांची स्वतःची. "काका, सायलेंट पाहिजे ना? हा घ्या. पंखा बघा, थाळीएवढा. चालतो की बंद आहे, समजणार नाय तुम्हाला." बाळ सबनिसांनी खिशातली पट्टी काढली. बावन्न. "बावन्न आहे हो. मला सत्तेचाळीसच्या आत पाहिजे."

"पाच एमएम काका. पाच एमएमने काय होते?"

आता बघा, चौतीस वर्षं हे वाक्य ऐकून ज्याचं डोकं फिरायचं, तो माणूस त्या दिवशी काय म्हणाला असेल? म्हणाला, "हो, पाचने काय होतंय." आणि घेऊन आला. कारण घरी उत्तराताई थांबलेल्या, आणि आठ दिवस गेलेले.

काय होतं ते सांगतो. झाकण बसत नाही. बाकी सगळं बसतं, पंखा फिरतो, खरोखर आवाज नाही, आणि बाजूचं झाकण लावायला गेलं की पंख्याच्या पात्या झाकणाला घासून खर्रर्र. झाकण अर्धवट ठेवलं की ते थरथरतं, त्याचा निराळा आवाज. मग त्यांनी कानस आणली आणि गॅलरीत बसून झाकण घासायला लागले. लोखंडावर कानस, तीन दुपारी. समोरच्या जयाताई दार उघडून विचारून गेल्या, "काका, खिडकीचं काम काढलंय का?" उत्तराताई आतून आल्या, पुस्तकात बोट ठेवलेलं, आठवं प्रकरण. "अहो, मी निदान मोठ्याने वाचून सराव करते, थोडा वेळ थांबता का?"

"एवढं होऊ दे. दोन दिवस."

झाकणाला शेवटी पोक आला. पाच मिलिमीटर काही गेले नाहीत.

चौथ्या खेपेला बाळ सबनिसांचा चेहरा बघून पोपटशेठने खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वाईट नाही. समजावणीच्या सुरात म्हणाले, "काका, एक बोलू? एवढा आवाजाचा टेन्शन घ्यायचा नाय. घरात फ्रिज आवाज करतो, मिक्सर आवाज करतो. बायकोचा आवाज चाळीस साल ऐकतो ना आपण? मग पंख्याचा पण ऐकायचा."

बाळ सबनिसांनी चहा अर्धा ठेवला. पोपटशेठला कळेना आपलं काय चुकलं, त्यांनी आपला बिस्किटांचा पुडा पुढे केला. बाळ सबनिसांनी समोर पडलेला एक कूलर उचलला, सदतीस मिलिमीटरचा, चपटा, आणि तो घेऊन निघाले. तो उंचीला मस्त बसला, तुम्हाला सांगतो, वर दहा मिलिमीटर मोकळे. पण आडवा इतका पसरट की बाजूला मेमरीची पट्टी उभी असते, तिच्यावर चढायला लागला. कितीने? विचारू नका. पाच मिलिमीटर.

मग त्यांनी ड्रॉइंग बोर्ड काढला. रिटायर झाल्यापासून पलंगाखाली होता. त्या बुटांच्या खोक्याएवढ्या डब्याचा उभा छेद काढला, आडवा छेद काढला, एकास एक मापात, प्रत्येक स्क्रूसकट, आणि सवयीने कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणसुद्धा. बाजारात मिळणाऱ्या एकोणीस कूलरचे आकार ट्रेसिंग पेपरवर काढून एकेक त्यावर ठेवून बघायचे. मी एकदा वर गेलो तर मला म्हणाले, "हा बघा, हा बसतो, पण याची हवा भिंतीकडे जाते." मी म्हटलं, उत्तराताई कुठे आहेत? तर म्हणाले, "असेल स्वयंपाकघरात." नव्हत्या. रोज दुपारी दोन तास त्या घरात नसायच्या, आणि या माणसाला, ज्याला मेमरीच्या पट्टीची उंची दशांशात पाठ होती, त्याला याचा पत्ता नाही.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं, ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या दाखवायला. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं. इथे गाठ, इथून शीर. बाळ सबनीस वाकून बघत होते. म्हणाले, "हे मापात आहे का?"

"नाही हो, नुसतं समजायला."

"गाठ आणि ही शीर, मधे अंतर किती?"

डॉक्टरांना असं कोणी विचारत नसावं. म्हणाले, "पाच मिलिमीटर धरा. कमीच असेल."

बाळ सबनिसांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. त्याच पानावर, जिथे वर कूलरच्या उंच्या लिहिल्या होत्या. लिहिलं आणि त्या आकड्याकडे बघत बसले. उत्तराताईंनीच त्यांचं पेन बंद करून खिशाला लावलं आणि म्हणाल्या, "चला." तुम्हाला सांगतो, पाच मिलिमीटरने काय होतं, हा प्रश्न त्या दिवसानंतर त्यांना कोणी विचारायची सोय राहिली नाही.

सहाव्या खेपेला सापडला. पोपटशेठच्या दुकानात अगदी वरच्या फळीवर, धूळ बसलेलं खोकं, सेहेचाळीस मिलिमीटर. पंखा पसरट, पण खालून खाच दिलेली, म्हणजे मेमरीची पट्टी तिच्यातून वर येते. पोपटशेठ म्हणाले, "हा दोन साल पडून आहे काका, कोण घेत नाय." बाळ सबनिसांनी पट्टी लावली. एकदा, दोनदा, तीनदा. मग खोकं छातीशी धरून आले.

वीस तारखेला... म्हणजे विसाव्या दिवशी म्हणतोय मी, तारीख सोडा... दुपारी तीन वाजता बसवून झाला. पोक आलेलं झाकण पोपटशेठनेच बदलून दिलेलं, ते लागलं. बटण दाबलं. काही नाही. म्हणजे दिवा लागला, पडदा उजळला, पण आवाज... नाही. बाळ सबनीस गुडघा दुखत असताना जमिनीवर बसले आणि डब्याला कान लावला. मग हात लावला, तर बारीकशी गार हवा. एवढीच खूण. त्यांनी हाक मारली, "उत्तरा. ये. बस. आता वाच."

उत्तराताई पदराला हात पुसत आल्या. खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "सहा झाली."

"काय सहा झाली?"

"प्रकरणं. आठ ते तेरा. जयाकडे गाद्या ठेवायची खोली आहे ना, तिथे बसून मोबाइलवर केली. दुपारची. दर्शना म्हणाली, इतकं साफ याआधी कधीच आलं नव्हतं."

बाळ सबनीस जमिनीवरच होते. वर बघून म्हणाले, "मला सांगायचंस."

"तुम्ही इतके मन लावून करत होतात," उत्तराताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चौदावं ठेवलंय ना. ते तुमच्या कॉम्प्युटरवर करायचं म्हणून ठेवलंय."

आता सांगा, अशा बाईला काय म्हणायचं? बाळ सबनीस उठले, माइक जवळ केला, खिडकी लावली. उत्तराताईंनी पुस्तक उघडलं, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "प्रकरण चौदा. चलनवाढ." आणि फोन वाजला. हॉस्पिटलचा. सर्जनना बाहेरगावी जायचं होतं, ऑपरेशन दोन दिवस आधी घेत होते, उद्या सकाळीच ॲडमिट व्हा. मग काय, कागद शोधा, बॅग भरा, ऋतुराजला गाडी घेऊन बोलवा. जाताना उत्तराताईंनी पुस्तकात खूण घातली. "आल्यावर वाचते," म्हणाल्या. बाळ सबनीस म्हणाले, "हो, आल्यावर." दोघांनीही एकमेकांकडे न बघता.

गाठ साधी निघाली. ते महत्त्वाचं, ते आधी सांगायला हवं होतं मी. साधी गाठ, काळजीचं काही नाही, रिपोर्ट हातात आला त्या दिवशी बाळ सबनिसांनी मला फोन केला आणि बराच वेळ नुसतं "हॅलो, हॅलो" म्हणत राहिले. पण आवाज गेला. पूर्ण नाही, हवा येते. फाटक्या पिशवीतून यावी तशी. डॉक्टर म्हणाले, सहा महिने बघू, येतो कधीकधी परत, तोवर ताण द्यायचा नाही. उत्तराताईंनी जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद कापून वही शिवली आणि त्यात लिहून बोलायला लागल्या. 'भाजी आणा.' 'गोळी घेतली.' अक्षर आधीइतकंच स्वच्छ. पण मी खाली पेपर घेऊन बसतो ना गॅलरीत, तर वरून काही येत नाही. पेपर वाचवत नाही हो.

पंधरवड्याने दर्शनाचा फोन. बिचारी चाचरतच बोलली. "काका, मुलांची परीक्षा आलीय. मॅडमना आराम पडू दे, चौदावं मी दुसऱ्या कोणाला देऊ का?"

बाळ सबनिसांनी उत्तराताईंकडे बघितलं. त्या वहीत काही लिहीत नव्हत्या, पेन नुसतं हातात होतं. बाळ सबनीस फोनमध्ये म्हणाले, "नको. मी वाचतो."

वाचतो म्हणाले. आयुष्यात नकाशावरच्या टिपा सोडून मोठ्याने काही वाचलेलं नाही. पहिल्या दिवशी स्वल्पविराम आला की "स्वल्पविराम" म्हणायचे. तक्ता आला की दाराखिडक्यांची मापं सांगावी तसा सांगायचे. उत्तराताई शेजारी खुर्ची घेऊन बसलेल्या, वही मांडीवर. 'हळू.' 'परत.' 'ही नोटीस नाही.' 'मुलं ऐकतायत असं समजा.' एकदा नुसतंच, 'श्वास घ्या.' तीन दुपारी गेल्या. चलनवाढीची कारणं, चलनवाढीचे परिणाम, चलनवाढीवरचे उपाय, आणि शेजारी तो काळा डबा, चालू आहे की बंद तेही समजू नये असा गप्प. तिसऱ्या दिवशी शेवटचं वाक्य संपलं. बाळ सबनिसांनी हेडफोन उत्तराताईंच्या कानावर घातला आणि समोर हात जोडून बसले, निकालाला बसतात तसे.

त्यांनी सगळं ऐकलं, पाऊण तास. डोळे मिटून. मग हेडफोन काढला आणि लिहिलं, 'छान झालंय.' त्याखाली लिहिलं, 'मागे पंखा ऐकू येतो.'

बाळ सबनीस लगेच डब्याकडे वळले. झाकण उघडलं, पंख्याला बोट लावलं, स्क्रू आवळले. पाच मिनिटं रिकामी खोली रेकॉर्ड करून ऐकली. काही नाही, निव्वळ शांत. मग एक ओळ वाचून रेकॉर्ड केली. ओळीच्या मागे सूं... सूं... पुन्हा रिकामी खोली. शांत. पुन्हा ओळ. सूं. "असं कसं होईल," ते म्हणत होते, "मी वाचायला लागलो की याला कळतं कसं?" पट्टी काढून पुन्हा मोजायलाच निघाले होते. उत्तराताई त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी एक बोट त्यांच्या नाकाखाली धरलं, क्षणभर तसंच ठेवलं, आणि वहीत एकच शब्द लिहिला.

'नाक.'

त्यावर काय करणार? तोंड उघडं ठेवून वाचलं, नाकात थेंब घालून वाचलं, माइक लांब ठेवून वाचलं. परीक्षा चार दिवसांवर आली. शेवटी तसंच पाठवलं.

आठवड्याने दर्शनाचा फोन आला. पेपर चांगले गेले, म्हणाली, चौदाव्या प्रकरणावर मोठा प्रश्न होता, सगळ्यांनी सोडवला. काकांनी छान वाचलं असं सांगा, म्हणाली. "फक्त मुलं म्हणतायत, मॅडमना एवढं सांगा, तो कॉम्प्युटर आता बदलाच."

बाळ सबनीस म्हणाले, "बघतो."